कळंब्याची लेन्स

कळंबा तलावावरचे पक्षी टिपायला राजशेखरनं मोठी लेन्स घेतली, ती बायकोच्या, विद्याश्रीच्या, आईनं दिलेल्या पाटल्या मोडून. "वर्षात परत करून देतो की," असं तेव्हा म्हणाला होता. त्याला आता पाच वर्षं झाली होती. २००९ उजाडलं तरी तिचे हात मोकळेच होते.

आता त्याच्या डोक्यात फुल-फ्रेम कॅमेरा शिरला होता. कॅननचाच घ्यावा की निकॉनकडं जावं, यावर रोज जेवताना चर्चा व्हायची. म्हणजे तो बोलायचा आणि ती वाढायची. कंपनी बदलली की जुन्या लेन्स बसत नाहीत, हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण मध्ये तोंड उघडलं की तो म्हणायचा, "तुला काय कळतंय त्यातलं?"

लग्नाच्या वाढदिवसाला त्यानंच कॅमेऱ्यासाठी साठवलेले पैसे घेऊन ती दुकानात गेली आणि संध्याकाळी रंगीत कागदातलं खोकं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं हसत हसत कागद फाडला. मग त्याचं हसू गेलं.

"अगं, हा निकॉनचा हाय. माझी एक बी लेन्स बसायची न्हाय ह्याला."

"व्हय? मग ती मोठी इकून टाका की," त्याच्या ताटात भाकरी वाढत ती म्हणाली.

 

"पाटल्यांचं माप सकाळीच गुजरीत सोनाराकडं देऊन आलोय मी," तीच पुढं म्हणाली.