दोन कार्डं, तिसरं नाव

मल्हारी सर्व्हर चालवायचं लिनक्स आपलं आपणच शिकल्ता. तरी मस्तगडातल्या त्याच्या सायबर कॅफेचा सर्व्हर चालू केला की आतली दोन नेटवर्क कार्डं, ईथ-झिरो अन् ईथ-वन, आपसात नावं बदलायची अन् नेट बंद पडायचं. आज तर बायकोचा, कडूबाईचा, दहावीचा निकाल होता. लग्नानंतर सात वर्षांनी दिल्ती तिनं परीक्षा.

"एक वायर काढ गं. पडद्यावर जे नाव विझंल ते त्या कार्डाचं."

मशीनमागून ती म्हणली, "काढली. नापास झाले तर हसताल?"

"न्हाई हसत. आता दुसरी काढ."

दोन्ही नावं विझली. खाली तिसरं आलं, ईथ-टू. अन् निकालाचं पान उघडलं.

"पास झालीस."

दोन्ही वायरी हातात घेऊनच ती आली, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून आपलं नाव वाचायला लागली.

मशीनमागं वायर बसल्याचा खट्ट आवाज आला.