चौथ्या कुंपणातलं गवत

“काका, पाचव्या वर्षानंतर इथे काय झालं?” चौथ्या कुंपणात बसलेल्या संशोधक मॅडमनी मोजपट्टीवरून मान वर न करता विचारलं.

राखणदाराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला पाठीमागून गवत तुटल्याचा आवाज येत होता. गाय जिभेने झुबका ओढते तेव्हा येतो तसा, खर्र, खर्र. त्याने वळून पाहिलं नाही. सात वर्षं वळून वळून तो थकला होता. मागे कधीच काही नसायचं.

माळावर अशी सहा कुंपणं होती. गुरांना मज्जाव केला तर नुसत्या पावसावर गवत किती वाढतं, हे पाहायला बारा वर्षांपूर्वी घातलेली. चौथं सोडून बाकी पाच कुंपणांत पहिली दोन वर्षं गवत माजलं. मग वाळलेल्या गवताखाली नवे कोंब गुदमरले आणि काटेरी झुडपांनी हातपाय पसरले. चौथ्यात मात्र पहिली पाच वर्षं दर पावसाळ्यात दाट, लुसलुशीत गवत. पाचव्या वर्षी अहवाल निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर चौथ्याचाच फोटो झळकला. बाकीच्या पाचांचे फोटो कुणी छापले नाहीत. वाह्यात पोरांना पाहुण्यांपुढे कोण आणतं?

त्या फोटोच्या जोरावर माळ गुरांना बंद झाला. गुराख्यांची बिऱ्हाडं हलली. त्यांत राखणदाराची थोरली बहीण होती, अकरा गाई घेऊन. त्याआधी गुराख्यांच्या सभेत खात्याच्या मोठ्या साहेबांनी फोटो तिच्या नाकासमोर धरला होता. तिने तो बराच वेळ पाहिला, मग भावाकडे पाहिलं आणि अवाक्षर न काढता उठून गेली. पुढे एकेक करून गाई गेल्या. मागच्या वर्षी, शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत, तीही गेली. लोक म्हणाले, भावावरचा राग मनात ठेवूनच गेली. तो आवाज मात्र त्या सभेच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू झाला होता.

“पाऊस तर दरवर्षी चांगला झालाय,” मॅडम म्हणाल्या. “तरी हेही झुडपांनी भरलं. पुढच्या महिन्यात पूर्वेकडच्या गुराख्यांना हलवायचं ठरतंय, तेही याच फोटोवरून. उद्या मला सही करायची आहे. म्हणून विचारते, इथे काही बदललं होतं का?”

राखणदाराच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. वाळवी लागली असेल, एवढं म्हणून सुटता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात मागचा आवाज थांबला. चरता चरता गाय मान वर करून बघते, तशी ती शांतता होती. त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली.

“बदललं ना,” तो म्हणाला. “गाई गेल्या.”

“कुठल्या गाई? इथे तर गुरं येतच नव्हती.”

“माझ्या ताईच्या. यायच्या. पाऊस होऊन गवत गुडघ्याला लागलं, की पहाटे मीच फाटक उघडायचो. आठवडाभर चरून जायच्या, की मागून पुन्हा कोवळं फुटायचं. दुसऱ्या वर्षापासून पाचव्यापर्यंत. तिच्या जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या, मला बघवलं नाही.”

मॅडम हळूच उभ्या राहिल्या.

“आणि हाच फोटो दाखवून त्यांना हलवलं?”

“हो. बघताक्षणी ओळखलं तिने.”

“मग बोलल्या का नाहीत? एका वाक्यात सगळा माळ वाचला असता.”

“वाचला असता,” राखणदार म्हणाला. “पण माझी नोकरी गेली असती.”