आरुएची मूठभर माती

व्हॅनिलाच्या शेंगांचं पुडकं पेटीत मावेना, तेव्हा सोलांजने स्वतःचा एक झगा बाहेर काढून फेकला.

"तिथे काय उघडी फिरणार आहेस?" दारात उभ्या आपोने विचारलं. आपो म्हणजे तिची आजी, बापाची आई.

"फिरेन. पण शेंगा जाणार."

फ्रेंचांच्या बेटावरच्या पापीते शहरात, बाजारामागे चुंगांचं, म्हणजे सोलांजच्या घरचं किराणा दुकान होतं, आणि दुकानाच्या माडीवर गेले कित्येक आठवडे चीन पसरला होता. भिंतीवर नकाशा, त्यावर लाल दोऱ्याने आखलेली वाट: हाँगकाँग, तिथून रेल्वेने कँटन, मग आजोबांचं गाव लुंगथिन, मग शिआनचं मातीचं सैन्य, पेकिंगचा राजवाडा, आणि सगळ्यात शेवटी ती लांबच लांब भिंत. सोलांज शाळेत इतिहास शिकवायची. फ्रान्सचे राजे पोरांकडून घोकून घेता घेता तिचा जीव विटला होता. आता कुठे चीनची दारं उघडली होती. आनंदाने तिला धड झोपही लागत नव्हती.

घोडं अडलं होतं ते आपोपाशी.

चिनी मंडळाचे फूकाका कामासाठी कँटनला गेले होते. आजोबांच्या थडग्यावर कोरलेलं नाव आणि गाव टिपून घेऊन तेच लुंगथिनला जाऊन आले आणि हाँगकाँगहून त्यांनी फोन केला. गावच्या वडीलधाऱ्यांचा निरोप होता, थडग्यावरची माती आणा, ती आम्ही कुलमंदिरात ठेवू. पण ती विधवेच्या हातूनच यायला हवी. आपो म्हणत होती, मी येणार नाही. आई नाही तर कुणीच नाही, असं सोलांजच्या बापाने, लुईने, जाहीर करून टाकलं होतं.

"विमानाची भीती वाटते का तुला?" सोलांजने विचारलं.

"बोटीच्या तळाशी बसून आलेय मी इथे. मला विमानाची भीती घालतेस?"

"मग?"

"मग काय. गुडघे दुखतात."

हे गुडघे सोयीनुसार दुखायचे. काशानला, म्हणजे पितरांची थडगी झाडायच्या दिवशी, हीच बाई आरुएच्या चिनी दफनभूमीचा डोंगर सगळ्यांच्या पुढे चढायची. भर पावसातही तिने तो दिवस कधी चुकवला नव्हता. "ज्यांना झाडायला थडगं नसतं, ती पोरं खाली रस्त्यावर उभी राहतात," ती म्हणे. "लोक बघतात त्यांच्याकडे." दगड घासून लख्ख करायची, मग भाजलेलं डुकराचं मांस, मद्याचा पेला आणि नारळाच्या दुधातले कच्चे मासे मांडायची. माशांवर आजोबांचा फार जीव, असं सांगायची.

घरात आजोबांचा एकच फोटो होता. पांढरा सूट, चकाकते बूट, ओठांवर मिश्कील हसू. त्यांच्यासारखा नाचणारा सगळ्या पापीतेत नव्हता म्हणे. फोटोमागचं नाव वेगळं आणि दगडावरचं वेगळं, हे सोलांजला खटकलं होतं. तिने विचारलं तेव्हा लुई हसला होता. "अगं, आपल्या माणसांचं एक नाव घरचं, एक कामाचं, आणि तिसरं फ्रेंच कारकुनाला ऐकू येईल ते. चुंग आहे ना दोन्हीकडे? झालं तर."

रविवारी फूकाका परतले ते थेट माडीवर आले.

"बहीण आहे," बसायच्या आत ते म्हणाले. "धाकटी. खणखणीत आहे." आणि त्यांनी खिशातून कॅसेट काढली.

आधी कोंबडा आरवला, मग एका म्हातारीचा आवाज आला. "दादा गेला तेव्हा मी एवढीशी होते. मला खांद्यावर बसवून नदीपर्यंत नेलं आणि म्हणाला, येतो. रोज वाट बघते मी. लग्न करणार नाही म्हणायचा, आणि बघा, नातवंडंसुद्धा झाली. वहिनी, त्याला मासे चालत नसत हो. वासानेच ओकायचा. तुमच्या बेटावर खायचा काय तो? कुणी प्रेमाने करून घालत होतं ना?"

लुईला हसू आवरेना. "आई, पार बाटवलास की माणूस."

आपो हसली नाही. तिने कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा.

"माझंही तिकीट काढ," ती म्हणाली.

सोलांजने तिला गच्च मिठी मारली आणि खुर्चीसकट गोल फिरवलं. ती ओरडत होती, गुडघे, गुडघे. फूकाकांनी मद्याची बाटली मागवली. त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दोघी आरुएला गेल्या. सोबत बिस्किटांचा रिकामा डबा आणि डुकराचं मांस. मासे नव्हते. आपोने दगड पुसला, चहा ओतला, वाकून नमस्कार केला.

"माफ करा," ती थडग्याला म्हणाली. "इतकी वर्षं मासे खायला घातले तुम्हाला. विचारणार तरी कुणाला होते मी?"

सोलांजला हसू आलं. "तू बायको ना त्यांची? तुला ठाऊक नव्हतं?"

आपोने मुठीने माती डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि डबा तिच्या हातात दिला.

"नीट धर. ती बाई नदीवर वाट बघत बसलीय ह्यांची. तिथे गेल्यावर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

"कशाबद्दल?"

"तुझा आजोबा रायतेआ बेटावरच्या एका नाचणारणीबरोबर पळून गेला, पोरी. लुई तेव्हा रांगत होता. माझी थोरली दोन पोरं काशानला रस्त्यावर उभी राहायची. मग मी ह्या डोंगरावर चुंग आडनावाचं, कुणीच झाडत नसलेलं एक थडगं शोधलं. हे गृहस्थ कोण, ते मलाही काल कॅसेटमधूनच कळलं."