पिकलेटचा पंजा

दार आपटलं की पिकलेट उजवा पुढचा पंजा उचलायचं आणि तसाच अधांतरी धरून ठेवायचं. अंगाची थरथर त्यानंतर सुरू व्हायची. डॉटने जाळीचं दार अगदी हळू लावलं, तरी पंजा वर गेलाच.

बाहेर क्लाइव्हने पिशवी व्हरांड्यात टाकली.

"डॉटबाई, हा घ्या कुत्र्याचा संसार! विटा भरल्यात की काय, कोण जाणे." तो हसला. "आणि आमच्या बाईसाहेबांना आज रिकाम्या हाताने पाठवा. दर वेळी इथवर येते आणि त्या ध्यानाला परत घेऊन येते. आज नाही सोडलं, तर मी कौन्सिलच्या कोंडवाड्यात टाकून येणार. सांगून ठेवतो."

"चहा?"

"नको. गाडीत थांबतो."

त्याची बायको नोरीन स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसली. हिवाळ्यात गव्हाच्या शेताच्या कुंपणापाशी तिला हे कुत्रं सापडलं होतं. गावात घाबरट कुत्र्यांना सांभाळणारी आणि त्यांना घर शोधून देणारी एकटी डॉट.

डॉटची रीत ठरलेली होती. ती जमिनीवर बसली, नोरीनकडे आणि कुत्र्याकडे पाठ केली आणि मटार सोलायला लागली. बघायचं नाही, बोलवायचं नाही. येईल तेव्हा येईल.

"जेवतं का?"

"आसपास कुणी नसलं की."

"झोप?"

"दाराकडे तोंड करून."

"पळून जायचा प्रयत्न?"

नोरीनने कपबशी सरळ केली. "एकदा. फाटकापर्यंत गेलं. फाटक उघडं होतं. तिथेच उभं राहिलं आणि परत आलं."

"का गं?"

"पुढे कुठे जायचं, ठाऊक नसेल."

डॉटने एक शेंग उघडली. "बाहेर हिंडायची सवय राहिली नाही की असं होतं. त्यात कमीपणा काही नाही."

गाडीचा हॉर्न वाजला. पंजा पुन्हा वर गेला. नोरीन अर्धवट उठली, मग परत बसली. या वेळी खुर्चीच्या कडेवर नाही, नीट टेकून.

"घर कसं हवं?" डॉटने विचारलं.

"धीराचं. चुकलं तर आवाज न चढवणारं."

"मागची खोली मोकळी आहे. ऊन येतं. दाराला आतून कडी आहे."

"पैसे?"

"कुत्र्याच्या खाण्याचे? वेडी आहेस का?"

"आणि परत न्यायला कुणी आलं तर?"

"या व्हरांड्यावरून मी याआधीही लोकांना परत धाडलंय." डॉटने मागे न वळता शेंगांची सालं बादलीत टाकली. "मोठ्यामोठ्यांना."

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. नोरीन जागची हलली नाही. तिने उरलेला चहा शांतपणे संपवला, कप विसळला, पालथा घातला. पिकलेट सरपटत डॉटच्या पाठीला येऊन टेकलं होतं.

"झालं म्हणायचं," डॉट म्हणाली. "तुझं ठरलं का, पोरी? घाई नाही. पुन्हा येऊन सांगितलंस तरी चालेल."

"नाही. आज."

ती व्हरांड्यात आली. क्लाइव्हने खिडकीतून कोपर बाहेर काढलं. इंजिन चालूच होतं.

"सोडलंस?"

"सोडलं."

"नक्की ना? मागच्यासारखं अर्ध्या वाटेत रडारड नको."

"नक्की."

"चला, सुटलो! मग बस की आता. खांबासारखी उभी काय राहिलीस? एवढ्याशा कुत्र्याला सोडायला कुणी इतका वेळ लावतं?"

नोरीनने व्हरांड्यातली पिशवी उचलून दाराच्या आत ठेवली.

"कुत्र्याला नाही, क्लाइव्ह. तुला."