दुसऱ्याच्या हातचं

"अजून एकच घर," नारायणराव म्हणाले आणि जिलबीच्या कढईकडं पाठ फिरवून चालू लागले.

सरोजिनीनं दात आवळले. कालपासून हे एक घर काही संपत नव्हतं. दोन दिवस उस्मानाबादेत पायी हिंडायचं, दिसेल ते खायचं, चुलीचं तोंड बघायचं नाही, असं ठरवून नवरा-बायको शनिवारी सकाळी तुळजापुरातून निघाली होती. दुष्काळानं त्या वर्षी देवीला येणारे यजमान आटले होते, म्हणून तर ती मोकळी झाली. एरवी उपाध्यांच्या घरच्या बाईला कुठली सवड? लोक नवस फेडायला यायचे, तिच्या ओसरीवर उतरायचे आणि तिच्या हातची पुरणपोळी खाऊन ढेकर देत गावाला जायचे. माहेरी गेली तरी भावजय म्हणायची, "वन्सं, आलाच आहात तर आज तुमच्या हातचं होऊ द्या." तिला फक्त एकदा बसून, दुसऱ्याच्या हातचं, गरम गरम खायचं होतं. पदार्थ कुठला का असेना.

टँकरपुढं घागरींची रांग होती, तरी रविवारचा बाजार ओस पडला नव्हता. भज्यांचे घाणे निघत होते, गुलाबजाम पाकात फुगत होते, आणि नारायणरावांना मात्र बोळाबोळात यजमान सापडत होते. यजमान येत नाहीत तर आपणच जाऊ, हा बेत त्यांनी घरीच करून ठेवला होता. बायकोला तेवढा सांगितला नव्हता. उपाध्याला शिजवलेलं वाढायचं नाही, कोरडा शिधा द्यायचा, ही रीत. तो शिधा शिजवायचा कुणी, ते विचारायची गरज कुणाला पडत नव्हती. काल रात्री धर्मशाळेच्या अंगणात तीन दगड मांडून खिचडी तिनंच टाकली होती.

शेवटचं घर आबारावांचं. ते सोसायटीचे चेअरमन. घराला लागूनच सोसायटीचं दुकान, आणि दुकानापुढं रेशनच्या मिलो ज्वारीसाठी बायका उन्हात ताटकळलेल्या. आत मात्र आबारावांनी रवा, साखर, तूप, हरभऱ्याची डाळ असा शिधा सुपात भरून तयार ठेवला होता. दोघांच्या पाया पडून ते म्हणाले, "वहिनी, मागल्या पडवीत चूल सारवून ठिवलीय. पातेलं बी कोरं हाय, आमी कुणी शिवलो न्हाय. तुमच्या हातचा परसाद आमाला बी मिळंल."

स्वयंपाकघरात आबारावांची बायको मथुराबाई भाकरी थापत होती. शेजारी भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा. सरोजिनी सरळ आत गेली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"मथुराबाई, मला ती भाकरी वाढा."

मथुराबाईचा हात परातीतच थांबला. "असं काय बोलता वहिनी? तुमी उपाध्ये. आमाला कशाला पापात घालता?"

"पाप मला लागू दे. वाढा तुम्ही."

मथुराबाईनं दारात आलेल्या आबारावांकडं पाहिलं, आबारावांनी नारायणरावांकडं. नारायणराव मोठ्यानं हसले. "चेष्टा करतेय हो ती! अगं, ऊठ, डाळ टाक शिजायला. केव्हाची आस लावून बसलीत ही माणसं."

मग सगळेच हसले. जीव भांड्यात पडल्यासारखे हसले.

सरोजिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हीच माणसं आत्ता तिच्या पाया पडली होती, आणि पाया पडून झाल्यावर तिला चुलीपुढं बसवत होती.

"देवीला तरी नैवेद्य आयता मिळतो," ती म्हणाली आणि पायात चप्पल सरकवून बाहेर पडली.

नारायणराव शिध्याच्या पिशव्या सावरत मागून धावले. ती भरल्या बाजारातून चालत राहिली, कुणाच्या नमस्काराला थांबली नाही. धान्याच्या अडतीच्या पलीकडं पत्र्याची एक खानावळ होती. आत हमाल जेवत होते. सरोजिनी तिथं वळली तसा नारायणरावांचा आवाज चिरकला.

"आत जाऊ नकोस! निम्मा गाव ओळखतो आपल्याला. उद्या उपाध्ये म्हणून कोण विचारील?"

"न विचारू देत. इतकी वर्षं विचारलं, त्यात माझं काय भलं झालं?"

ती आत जाऊन हमालांपासून जरा अंतरावर, भिंतीला टेकून बसली. खानावळवाली गजराबाई चुलीपुढून उठली. तिनं सरोजिनीचं चापूनचोपून नेसलेलं लुगडं पाहिलं, बाहेर रस्त्यावर पिशव्या घेऊन घुटमळणारा बामण पाहिला, आणि काय ते ओळखलं.

"बाई, माझ्या हातचं चालंल तुमाला?"

"म्हणून तर आलेय."

गजराबाईनं एक ताट पुसून तिच्यापुढं ठेवलं. तव्यावरची भाकरी उचलून ताटात टाकली, वर पिठलं ओतलं, बुक्कीनं कांदा फोडून दिला. भाकरी मिलोची, लालसर आणि चरबट. पिठल्यात मीठ जास्त पडलेलं. असलं पिठलं सरोजिनीनं घरी कुणाच्या पानात पडू दिलं नसतं. तिचा राग उतरला नव्हता. पण तिनं भाकरी संपवली आणि दुसरी मागितली. दुसरीही गरम आली.

गजराबाई ती वाढता वाढता दाराकडं पाहून म्हणाली, "मालक उन्हात हुबे हायती. त्यांना बी ताट मांडू का?"

सरोजिनीनं मान वळवली नाही. भाकरीचा तुकडा मोडून तिनं पिठल्यात बुडवला.

"नको," ती म्हणाली. "त्यांच्याकडं शिधा आहे."