उरलेली नजर

माझ्या बायकोची, सुखीबाईची, अर्धी नजर गेली आहे, हे डोळ्यांवर संशोधन करणारी सरकारी गाडी तांड्यावर आली त्या दिवशी कळलं. ती कापसाच्या पऱ्हाटीत अडखळायची तेव्हा आम्ही म्हणायचो, सासऱ्यापुढे घुंगट घेते, अडखळणारच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाचे थेंब टाकून राखा. थेंब चालू असतानाच ती बिनकठड्याच्या विहिरीत पडून गेली.

यंदा गाडी पुन्हा आली. सुखी गेल्याचं ऐकून बाईंनी तिचा जुना कागद काढून पाहिला. मग म्हणाल्या, "हा आजार आईकडून लेकरांत येऊ शकतो. मुलीला तपासू द्या. लवकर कळलं तर नजर वाचते."

माझ्या मुलीची, वर्षाची, सोयरीक दिग्रसला ठरली आहे. माझा धाकटा भाऊ बादल कानाशी लागला, "दादा, नाई म्हण. काई निघालं तर सोयरीक तुटन."

मी तोंड उघडायच्या आत वर्षाच पुढे झाली. "भेतोस कायले, बा? बसते मी. मशीन कुठं हाय?"

मशीन तिच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर होती.

मी तिचा हात धरला. तो अजून सोडलेला नाही. तपासणी व्हायची आहे.