वीतभर डावीकडे

सुज्ञ वाचकहो, मिशिगनच्या उत्तरेकडील आमच्या शिकार-छावणीत माझ्या हातून घडलेला प्रमाद मी बरोबर शंभर शब्दांत निवेदन करण्याचे योजिले आहे. तत्पूर्वी एवढेच सांगतो, की हरणावरचा ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचे टोक कापून भिंतीला ठोकण्याचा आमचा जुना रिवाज आहे.

दुकानातून दुर्बिणीसकट आणलेली स्वस्त रायफल मी वडिलांच्या हाती दिली. “ही रायफल की प्लॅस्टिकची बादली?” ते हसले. “नेम तपासलास ना?” “दुकानदारानं जुळवूनच दिलीय, बाबा.” शंभर पावलांवर मोठे हरीण उभे होते. वडिलांनी बोल्ट सारला, श्वास रोखून गोळी झाडली, आणि हरीण अक्षत पळाले. छावणीत रेनोकाका कात्री घेऊन ओरडले, “पन्नास वर्षांत पहिल्यांदा सापडलास, म्हाताऱ्या! काढ शर्ट!” मी म्हणालो, “बंदूकच वाईट असेल.” वडील म्हणाले, “तिला कशाला नावं ठेवतोस? डोळे माझेच गेलेत.” त्यानंतर त्यांनी शिकार कायमची सोडली आणि वसंतात ते वारले. काल मी त्याच रायफलीने प्रथमच कागदी लक्ष्यावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही वीतभर डावीकडे लागल्या. भिंतीवरील त्यांचा तुकडा उतरवून मी त्याच खिळ्याने माझ्या शर्टाचे टोक ठोकले.

माझे शंभर शब्द येथे संपले. आपण ते शांतपणे वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार मानतो.
आर्वो केतोला